वरवंट्याची बाबागाडी

आत्याबाईंनी पिशवीतून वरवंटा काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा लुंकडशेठ चष्मा वर करून त्याच्याकडं बघतच राहिले.

"हे काय, आईसाहेब?"

"पोर," आत्याबाई म्हणाल्या.

वरवंटा जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गुंडाळला होता. वरच्या टोकाला लोकरीचं टोपडं घातलं होतं आणि त्याचे बंद हनुवटीखाली बांधावेत तसे नीट बांधले होते. बारशाला पाळण्यात वरवंटा घालतात तो मी पाहिला होता. सांगलीच्या कापडपेठेत, भर दुपारी, दुधाच्या बाटल्यांच्या शेजारी पहिल्यांदाच बघत होते. लाज वाटून मी शोकेसकडं तोंड फिरवलं.

"रिकामा पाळणा हलवत नाहीत," आत्याबाई शेठना समजावून सांगायला लागल्या. "मग रिकामी बाबागाडी कशी ढकलायची? जी गाडी दाखवाल तिच्यात आधी हा ठेवायचा, मग ढकलायची. आणि आज घरी काही न्यायचं नाही. बाळाच्या आधी सामान आणत नाहीत. ठरवून जाणार. बाळ झालं की तुम्ही पाठवायची."

"चालेल की. निम्मं गिऱ्हाईक असंच करतं," शेठ म्हणाले. "वरवंटा तेवढा आजवर कुणी आणला नव्हता."

मला सातवा महिना संपत आला होता. मी, माझा नवरा धैर्यशील आणि माझी सासू, असे तिघं जयसिंगपूरहून मोटारीनं आलो होतो. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. म्हणायचे म्हणजे दुसऱ्यांशी बोलताना. तोंडावर काही म्हणायचा प्रश्नच नव्हता, कारण दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.

त्याचं असं झालं होतं. मी आटपाडीच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. लग्नानंतर आठवडा व्हायच्या आत मी ड्यूटीवर निघाले. पूजेचे पाहुणे अजून घरात होते. आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गुरांचीच एवढी ओढ होती तर माणसांत लग्न कशाला केलं?" मी म्हणाले, "माणसं आहेत असं वाटलं होतं." झालं. तिथून पुढं अबोला. मी शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे, आणि मधल्या वेळात आम्ही दोघी बोलायचो ते सगळं धैर्यशीलच्या मार्फत. "धैर्या, तुझ्या बायकोला विचार, भात वाढू का." "अहो, आत्याबाईंना सांगा, मला भूक नाही." एकाच पंगतीला बसून, हातभर अंतरावरून.

सासरी मी त्याला अहो-जाहो करायचे. इथं सांगताना अरेतुरेच करणार आहे. पुढं ऐकलंत की तुम्हीही हरकत घेणार नाही.

धैर्यशील गोड माणूस. खताच्या दुकानात बसून बसून जीभ अशी तयार झालेली, की युरिया संपलाय हेसुद्धा तो असं सांगायचा की शेतकरी आभार मानून परत जायचा. मी म्हणायचे, "त्यांना सांगा, माझ्या कपाटाला हात लावायचा नाही." तो आत जाऊन म्हणायचा, "आई, प्रणिता म्हणते कपाट तीच आवरेल, तू दमू नकोस." एकदा दाराआडून मी हे ऐकलं आणि मला हसू आलं. म्हटलं, बरं आहे, घरात शांतता तरी राहते.

मग पाचव्या महिन्यात एका रविवारी तो एकटाच आटपाडीला माझ्या क्वार्टरवर आला. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "आईनं अट घातलीय."

बाळंतपण ती करणार होती. माझी आई मी बारावीत असतानाच गेली, त्यामुळं माहेरी जायचा प्रश्न नव्हता. पण रजा संपली की मी एकटीनं आटपाडीला जायचं आणि मूल जयसिंगपुरात ठेवायचं. शनिवारी येऊन बघायचं.

"मी खूप समजावलं गं. ऐकत नाही. म्हणते, माझं नातवंड गुरांच्या दवाखान्यात वाढू देणार नाही. तू मात्र तिला काही बोलू नकोस, तिचं बीपी चढतं. मी बघतो हळूहळू."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. दवाखान्याच्या मागंच राहणाऱ्या हसीनाभाभी दिवसा मूल सांभाळायला तयार होत्या. हाक मारली की ऐकू येईल एवढ्या अंतरावर मी असणार होते, दूध पाजायला केव्हाही जाता आलं असतं. सगळं जुळत होतं, फक्त म्हातारी आडवी आली होती. मी तिला मनातल्या मनात काय काय म्हणायचे ते इथं सांगण्यासारखं नाही. गाईला कळा येत असताना, हात कोपरापर्यंत आत असताना, मी आत्याबाईंशी भांडत असायचे.

म्हणून बाबागाडीचा विषय निघाला तेव्हा मी हट्टानं बरोबर आले. मला हलकी, मिटणारी गाडी हवी होती, एसटीत चढवता येणारी. तशी गाडी घेतली म्हणजे मूल माझ्याबरोबर येणार हे कबूल केल्यासारखं होतं. मोठी गाडी घेतली म्हणजे मूल त्यांचं. इतकी साधी गोष्ट होती, आणि दुकानात शिरताना आम्हा तिघांनाही ती माहीत आहे असं मला वाटत होतं.

शेठनी पहिली गाडी काढली ती रथासारखी. मोठी चाकं, वर झालरीचं छत, आत मखमल. आत्याबाईंनी वरवंटा आत निजवला, टोपडं सारखं केलं, पायाकडं फडकं खोचलं आणि गाडी दुकानात एक फेरी मारून आणली.

"ही," त्या म्हणाल्या.

"अहो, त्यांना विचारा, ही एसटीत कशी चढणार," मी धैर्यशीलला म्हणाले.

"आई, प्रणिताला आवडलीय, जरा जड वाटतेय एवढंच."

"एसटीत चढवायचीच कशाला? तिला म्हणावं, ही गाडी आमच्या अंगणाबाहेर जाणार नाही."

धैर्यशील माझ्याकडं वळला. "आई म्हणते, आपलं अंगण मोठं आहे."

"कान आहेत मला," मी म्हणाले.

"बघू, बघू," धैर्यशील घाईनं म्हणाला. "शेठ, दुसरं दाखवा."

दुसऱ्या गाडीचं शेठना फार कौतुक होतं. "याला ट्रॅव्हल सिस्टिम म्हणतात. ही सीट वरनं निघते. मोटारीत लावा, मोटारीतनं काढा, परत चाकांवर बसवा. झोपलेलं पोरगं उठत नाही." त्यांनी वरवंटा सीटमध्ये ठेवून पट्टे लावायला घेतले. पट्टे खांद्यावरून घ्यायचे होते आणि वरवंट्याला खांदे नव्हते. तो सारखा एका कुशीवर कलंडायचा. शेवटी टोपडं डोळ्यांवर आलं आणि धैर्यशील हसला. आम्ही दोघी हसलो नाही.

"आपल्याकडं मोटार आहे, हे बरं पडेल," धैर्यशील म्हणाला.

"मोटार तुमच्याकडं असते," मी म्हणाले. "मी एसटीनं फिरते. शेठ, मला मिटणारी दाखवा."

शेठनी माळ्यावरून तिसरी काढली. निळ्या कापडाची, छत्रीएवढी हलकी. मूठ दाबायची, खालचा खटका पायानं उचलायचा, की गाडी मिटून काठीसारखी होते. शेठनी करून दाखवलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो लपवायचाही विसरले. आत्याबाईंनी तो बघितला. त्यांचा चेहरा आणखीच आंबला.

"धैर्या, तुझ्या बायकोला म्हणावं, एका हातात पोर घेऊन मिटवून दाखव. एसटीच्या दारात दुसरं कोण येणार आहे धरायला?"

हे मात्र बरोबर होतं. मी वरवंटा डाव्या कडेवर घेतला. चांगला जड होता. एवढं पोट पुढं, त्यावर वरवंटा, आणि उजव्या हातानं मूठ दाबायला गेले तर पाय खटक्यापर्यंत पोचेना. पोचला तेव्हा मूठ सुटली. दुसऱ्यांदा गाडी अर्धी मिटली आणि माझं बोट सांध्यात सापडलं. मी ओरडले नाही. दवाखान्यात म्हशींनी लाथा घातल्या तरी मी ओरडत नाही. पण डोळ्यांत पाणी आलं आणि आत्याबाईंनी ते बघून तोंड फिरवलं.

"झालं," त्या शेठना म्हणाल्या. "रथच ठरला."

मी वरवंटा काउंटरवर आपटला. खरंच आपटला. काच फुटली नाही हे नशीब. आत्याबाईंनी तो झटक्यात उचलून छातीशी धरला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता ही बाई माझ्या अंगावर येणार.

तेवढ्यात रस्त्यावर गाड्या उचलणारा ट्रॅफिकचा टेंपो आल्याचा ओरडा झाला. धैर्यशीलनं बाहेर डोकावून बघितलं, "अरे, आपली गाडी" म्हणाला, आणि किल्ली घेऊन पळाला. जाता जाता आमच्याकडं वळून "दोघी शांत बसा हं, मी आलोच" म्हणाला.

आम्ही शांत बसलो. मी स्टुलावर, त्या बाकावर. मधे तिन्ही गाड्या. आत्याबाईंनी वरवंटा परत रथात निजवला होता आणि एका हातानं त्या तो रथ मागंपुढं करत होत्या.

"चहा सांगू?" शेठनी विचारलं.

"नको," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"शेठ," आत्याबाई म्हणाल्या, "त्या बाईंना एक विचारा."

शेठनी आजूबाजूला बघितलं. दुकानात बाई म्हणजे मीच. "विचारा की, आईसाहेब."

"मूल टाकून जायचं ठरवलंय, मग घडीच्या गाडीचा हट्ट कशाला? लोकांना दाखवायला?"

धैर्यशील असता तर त्यानं यातलं निम्मं गिळलं असतं आणि उरलेल्यावर साखर पेरली असती. लुंकडशेठांना ती कला नव्हती. ते माझ्याकडं वळले आणि शब्दाला शब्द लावून म्हणाले, "मॅडम, त्या विचारतायत, मूल टाकून जायचं ठरवलंय, मग घडीच्या गाडीचा हट्ट लोकांना दाखवायला आहे का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यांना सांगा, मूल टाकणारी मी नाही. हिसकावून घेणाऱ्या त्या आहेत. रजा संपली की मूल जयसिंगपुरात ठेवायचं ही अट त्यांची."

"आईसाहेब, त्या म्हणतात, अट तुमची आहे. हिसकावून घेताय म्हणतात."

रथ हलायचा थांबला. "माझी अट? त्यांना विचारा, माझ्या तोंडून कुणी ऐकली."

"त्यांच्या मुलानं ऐकली. मला येऊन सांगितली," मी म्हणाले.

"तुमच्या मुलानं," शेठ आत्याबाईंना म्हणाले.

"माझ्या मुलानं?" आत्याबाईंचा आवाज चढला. "माझा मुलगा मला काय म्हणाला ते सांगा त्यांना. म्हणाला, तिला हे मूलच नको होतं. मी हातापाया पडून तयार केलंय. पण झाल्यावर सांभाळणार नाही म्हणते, नोकरीवर जाते म्हणते. आई, तू बघ. आणि तिला एका शब्दानं बोलू नकोस, बिथरली तर काहीही करून बसेल. म्हणून मी इतके दिवस तोंड शिवून बसलेय. पोटातल्या पोराला नको म्हणणारी बाई दर शनिवारी ताटावर समोर बसते आणि मी तिला भात वाढते. विचारा त्यांना, खोटं आहे का हे."

शेठनी हे सगळं सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं म्हणालात? मिस्टरांनी?"

"हो."

"आणि आईसाहेब, तुम्हाला मुलानं."

"हो."

"म्हणजे माणूस एकच झाला," शेठ म्हणाले, आणि काउंटरच्या मागं जाऊन उगाच बाटल्या लावायला लागले.

पंखा फिरत होता. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं. इतक्या दिवसांत आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं नीट बघितलंच नव्हतं. त्यांच्या कपाळावर गोंदण आहे हेही मला तेव्हा दिसलं.

"तुला हे पोर नको होतं?" आत्याबाईंनी विचारलं. शेठना नाही. मला.

"नको असतं तर ठेवलंच नसतं," मी म्हणाले. "डॉक्टर आहे मी."

"गुरांची."

"गुरांचीच. तरी कळतं."

"मग माझ्याशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

त्यांनी रथाच्या झालरीशी चाळा केला. मग म्हणाल्या, "माझे गुडघे गेलेत. खाली बसले की उठताना भिंत धरावी लागते. रोजचं तान्हं पोर माझ्यानं होणार नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. तर म्हणाला, मग जाईल तिकडच्या हसीना म्हणून कुणा परक्या बाईच्या हातात. म्हणून हो म्हणाले."

"आणि मला म्हणाला, तुम्ही हौसेनं मागताय."

"हौस," आत्याबाई म्हणाल्या. "हौस आहे मेल्याला."

धैर्यशील आला तो हातात उसाच्या रसाचे तीन ग्लास घेऊन. गाडी वाचली म्हणून खुशीत होता. आम्हाला दोघींना बघितलं आणि म्हणाला, "काय, ठरलं का? रथच ना?"

कुणी ग्लास घेतला नाही.

"शेठ," आत्याबाई म्हणाल्या, "याला विचारा, मला काय सांगितलंस आणि हिला काय सांगितलंस."

लुंकडशेठ बिचारे घामाघूम झाले होते. पण गिऱ्हाईकाचा शब्द त्यांनी मोडला नाही. "साहेब, त्या विचारतायत, त्यांना काय सांगितलंत आणि मॅडमना काय सांगितलंत."

धैर्यशील हसला. आधी नेहमीचं, दुकानातलं हसला. मग आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघून ते हसू हळूहळू गेलं. त्यानं ग्लास काउंटरवर ठेवले.

"अगं आई, एवढं काय त्यात? घराच्या भल्यासाठीच केलं ना." तो तिच्या शेजारी बसला आणि आवाज खाली आणून, मी तिथं नसल्यासारखा, बोलायला लागला. "मूल जयसिंगपुरात राहिलं असतं तर ती किती दिवस काढणार होती तिकडं? दोन महिने? तीन? छाती भरून आली की आपसूक राजीनामा देऊन आली असती. कुणी जबरदस्ती केली नसती, भांडण नाही, तंटा नाही. लोक मला विचारतात, बायको कुठं असते. किती दिवस सांगायचं, गुरांकडं असते म्हणून? आणि आली असती की तुलाही पोर सांभाळायला लागलं नसतं. सगळं जागच्या जागी बसलं असतं."

आटपाडीकडच्या बाजारात गाय विकली गेली की नवा मालक तिला ओढत बसत नाही. तिचं वासरू टेंपोत चढवतो आणि टेंपो हळू चालवायला सांगतो. गाय हंबरत आपणहून मागं चालत जाते, थेट त्याच्या गोठ्यापर्यंत. मी हे कितीदा बघितलं असेल. लोक याला युक्ती म्हणतात. मीही म्हणायचे.

माझ्या नवऱ्यानं माझ्या बाबतीत तेच केलं होतं, आणि वासरू अजून जन्मलंही नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. रागापेक्षाही किळस आली म्हणा. पण त्याच्याशी बोलायची इच्छा होईना. एक शब्दसुद्धा त्याला द्यावासा वाटेना.

"शेठ," मी म्हणाले, "साहेबांना सांगा, राजीनामा मिळणार नाही."

"साहेब," शेठ म्हणाले, "राजीनामा मिळणार नाही."

"प्रणिता, तू असं लोकांसमोर..."

"शेठ, यांना सांगा, अजून एक शब्द बोललात तर मी इथूनच आटपाडीची एसटी धरीन. बाळंतपणसुद्धा तिकडंच करीन, सरकारी दवाखान्यात."

शेठ सांगायच्या आतच धैर्यशीलनं आईकडं बघितलं. लहानपणापासून त्याचं असंच असणार, कुठं अडलं की तिकडं बघायचं. आत्याबाई उठल्या. खरंच भिंत धरून उठल्या. रथापाशी गेल्या, वरवंटा काढला, टोपडं नीट केलं. मला वाटलं आता पिशवीत भरतील आणि निघू म्हणतील. काही झालं तरी तो त्यांचा मुलगा होता.

त्या माझ्यापाशी आल्या आणि वरवंटा माझ्या कडेवर दिला.

"धर. मान सांभाळ."

"वरवंट्याला कुठली मान?"

"सवय लागावी म्हणून सांगतेय. आणि ऊठ. मिटवून दाखव."

"मघाशी नाही जमलं."

"मघाशी तू मुठीत जोर लावत होतीस. जोर खाली लावायचा. इलाजाला म्हैस आडवी पाडताना दोरी ओढतेस का नुसती हातानं? टाच लाव. टाच. चवडा नाही."

म्हैस कशी पाडतात हे त्यांना कसं माहीत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. वरवंटा कडेवर घट्ट धरला, निळ्या गाडीच्या मुठीवर उजवा हात ठेवला आणि खटक्याखाली टाच घातली. आत्याबाई वाकून बघत होत्या. धैर्यशील पुढं झाला, "मी धरू का?" म्हणाला.

"त्याला सांग, हात लावायचा नाही," आत्याबाई मला म्हणाल्या.

"हात लावायचा नाही," मी त्याला म्हणाले. जसंच्या तसं.

टाचेनं खटका वर गेला, मूठ खाली आली आणि गाडी खट्कन मिटली. वरवंटा हललासुद्धा नाही. मी मिटलेली गाडी काखेत मारली आणि एसटीची पायरी चढावी तशी शेठच्या उंबऱ्यावर चढले, उतरले.

आत्याबाईंनी शाबासकी दिली नाही. "पदराला वंगण लागलं," एवढंच म्हणाल्या. मग शेठकडं वळल्या. "ही निळी बाजूला काढून ठेवा. बाळ झालं की पाठवायची."

"एसटीच्या पार्सलनं पाठवतो. कुठं पोचवायची, जयसिंगपूरला?"

धैर्यशील "हो" म्हणाला.

शेठनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते आत्याबाईंकडं बघत राहिले. मीही. या बाईच्या एका शब्दावर माझं पोर कुठं वाढणार ते ठरणार होतं, आणि दोन वर्षांत मी तिला एक गोड शब्द बोलले नव्हते.

"पत्ता ही सांगेल," आत्याबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून बाहेर पडल्या.

मी पत्ता सांगितला. जनावरांचा दवाखाना, आटपाडी. शेठनी लिहून घेतला तरी परत एकदा सांगितला.

मोटारीत आत्याबाई नेहमी पुढं बसायच्या, मुलाच्या शेजारी. त्या दिवशी त्यांनी मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसल्या. वरवंटा अजून माझ्याच मांडीवर होता. तो मागून घ्यायचं त्यांना सुचलं नाही, की सुचूनही त्यांनी मागितला नाही, कोण जाणे. गाडी कापडपेठेतून बाहेर पडली, अंकलीच्या पुलाकडं लागली.

"त्याला सांग, काच वर कर," आत्याबाई म्हणाल्या. "वारं लागतंय."

"अहो, काच वर करा. वारं लागतंय."

काच वर गेली. आरशात धैर्यशीलचे डोळे दिसले, मी दुसरीकडं बघितलं. मग आत्याबाई माझ्याकडं वळून बसल्या, चांगल्या ऐसपैस, खूप वेळ लागणारं काम हातात घ्यावं तशा.

"आता तू ऐक," त्या म्हणाल्या. "ती हसीना का कोण, ती पोराला अंघोळ घालणार नाही. आधी महिनाभर मी येऊन राहणार. तिला मी शिकवीन."

"तिला चार पोरं आहेत. तिला येतं."

"तिला तिचं येतं. आणि तुझं कपाट तूच आवरणार होतीस ना? त्यात उंदीर झालेत. कधीपासून सांगीन म्हणते."

"मग सांगायचं होतं."

"कुणाला सांगू? याला? यानं तुला काय सांगितलं असतं, सोनं सापडलं म्हणून?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. एवढ्यात द्यायचं नव्हतं. "आणि लग्नानंतर मी ड्यूटीवर निघाले तेव्हा तुम्ही जे बोललात ते?"

"ते खरंच होतं. तू जे बोललीस ते जास्त वाईट होतं."

"तुम्ही आधी बोललात."

"मी मोठी आहे. मी बोलणारच."

पूल मागं गेला, उसाची शेतं आली, आणि आम्ही दोघी पार जयसिंगपूर येईपर्यंत भांडत राहिलो. दोन वर्षांचं साठलं होतं. धैर्यशील पुढं एकटा बसून गाडी चालवत होता, आणि आम्हा दोघींच्या मधे कुणी नव्हतं.